उपचार नोंदवहीतली ‘ही’

भोंगा पहिल्यांदा माझ्या छापखान्यात आला, त्याच्या आधी त्याचा आवाज आला. “छापखाना उघडा आहे का?” एवढंच तो म्हणाला होता. पण तेवढ्यावर समोरच्या चष्म्यांच्या दुकानातल्या काचा आपापसात कुजबुजल्या, माझ्या फळीवरचे भेटकार्डांचे नमुने एकेक करून खाली उतरले, आणि वरच्या मजल्यावरच्या, गेली नऊ वर्षं ठार बहिऱ्या असलेल्या आजींनी खिडकी उघडून “हो, उघडा आहे!” असं उत्तर दिलं. मी आत कागद कापत होतो. हात हलला. त्या दिवशीची तीनशे पावतीपुस्तकं एका अंगाने लंगडी निघाली, आणि ती का लंगडी आहेत हे मी त्या गिऱ्हाइकाला आजतागायत सांगितलेलं नाही.

असा आवाज आला म्हणजे मागोमाग एखादा पहिलवान येणार, म्हणून मी दोन खुर्च्या जोडून ठेवल्या. आत आला तो सुतळीच्या गुंड्याएवढा माणूस. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, त्यांतून वर आलेले दोन काटकुळे पाय, खिशात चार दोऱ्या आणि एक थर्मामीटर. तो थर्मामीटर कुठे वापरायचा असतो हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्याने तोच हातात घेऊन माझ्या टेबलावर आकृती काढून दाखवली होती.

“रजिस्टरं छापून पाहिजेत. पाच!”

“कसली?”

“गाईंची! ही म्हणाली, कागद जाड घ्या. ही म्हणाली, रेघा निळ्या घ्या, डोळ्यांना बरं. ही म्हणाली, प्रत्येक पानावर नंबर छापून घ्या, म्हणजे पान फाडायची सोयच नको. ही म्हणाली, छापखानेवाला दोन दिवसांत देतो म्हणेल, त्याला आठ दिवस द्या.”

बाई न बघताच मला पटली.

“ही म्हणजे कोण?” मी विचारलं.

पाण्याला ओलं का म्हणतात असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

“ही म्हणजे ही!”

बायकोचं नाव न घेणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना नाव माहीत असतं, फक्त ते तोंडावर आणत नाहीत. भोंग्याचं तसं नव्हतं. त्याच्या मते जगातल्या बाकीच्या बायकांना नावं होती, कारण त्या अनेक होत्या आणि त्यांच्यात घोटाळा झाला असता. ही एकच होती. एकीला नाव कशाला?

हे ‘भोंगा’ नाव माझं नाही, गावाचं आहे. चाळीस वर्षं दोन टेकड्यांपलीकडे चरणाऱ्या गाईंशी बोलल्यावर टेबलापलीकडच्या माणसाशी किती आवाजात बोलायचं, याचा अंदाज माणसाला राहत नाही. तोंडावर मी त्याला दादा म्हणत असे. तो मला ‘छापखाना’ म्हणे. माझं नाव त्याने कधी विचारलं नाही. मीही एकच होतो, अशी मी माझी समजूत करून घेतली.

झालं होतं असं. भोंगा ज्या डेअरीला दूध घालायचा, तिने दर्जा हमी योजना सुरू केली होती. गोठ्याची तपासणी व्हायची, त्यात उतरला तर गोठ्याला मानांकन मिळायचं आणि फाटकावर लावायला हिरवी पाटी. योजनेची चौसष्ट पानी पुस्तिका होती. तिचं सार एवढंच, की गाय निरोगी पाहिजे, दूध स्वच्छ पाहिजे, आणि या दोन गोष्टी खऱ्या आहेत असं सांगणारा कागद पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी भोंग्याकडे पिढीजात होत्या. तिसऱ्या गोष्टीशी त्याच्या घराण्याचा कधी संबंध आला नव्हता.

रजिस्टरं पोचवायला मी स्वतः गेलो. फाटकातच जंतुनाशकाच्या पाण्याचा उथळ हौद होता. भोंग्याने मला त्यात माझ्या एकुलत्या एक चांगल्या बुटांसकट उभं केलं. पाणी जांभळं होतं. बूट आजही जांभळे आहेत. मागून त्यांचा कुत्रा आला आणि कुणी न सांगता हौदात चारही पाय बुडवून, झटकून, आत गेला. “बघ,” भोंगा म्हणाला, “तुझ्यापेक्षा शिकलेला आहे.”

वहिनी दूधखोलीच्या पायरीवर बसून पुस्तिका वाचत होत्या. तिसऱ्यांदा. पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि कानावर दुसरी पेन्सिल होती. बाई उंच, शांत, आणि बोलण्यात अशी, की चिमटा बसलाय हे समोरच्याला घरी गेल्यावर कळावं.

“बसा भाऊजी,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस दिले होते, नऊ लावलेत. म्हणजे माणूस वाईट नाही.”

मी विचारलं, वहिनी, एवढा खटाटोप कशासाठी? तुमच्या दुधाला नावं ठेवणारा मी अजून पाहिलेला नाही.

त्यांनी पुस्तिका मिटली. “तीस वर्षं झाली भाऊजी. कुणी रस्त्यात विचारतं, गोठा कुठला, तर लोक सांगतात, ओरडणं ऐकू येईल तो. माणसं ओरडण्याच्या मागावर इथपर्यंत येतात. एकदा कुणीतरी पाटी वाचून यावं. एवढंच.”

“ही म्हणते ते बरोबर आहे!” आतून भोंगा ओरडला, आणि एक कबूतर वळचणीतून उडून गेलं.

पाटीसाठी फाटकाला दोन भोकं त्यांनी त्याच्याकडून तेव्हाच पाडून घेतली होती. पुस्तिकेत पाटीची मापं दिलेली होती. त्यामुळे तपासणी व्हायच्या तीन आठवडे आधीपासून ते फाटक दोन डोळे उघडून वाट बघत होतं.

पहिल्या तपासणीला मी नव्हतो; पण भोंग्याने मला ती इतक्या वेळा सांगितली, की मी होतोच असं समजायला हरकत नाही. तपासनीस म्हणून एक बाई आल्या. गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण झालेल्या, वय तिशीच्या आत, स्वतःचे स्वच्छ बूट पिशवीतून आणलेले. त्या फारसं हसत नसत, पण गाईच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांचा हात ओळखीचा वाटे. वहिनींनी हे लगेच हेरलं होतं.

“बारा नंबरला मागच्या महिन्यात काय दिलं होतं?” त्यांनी विचारलं.

“बारा नंबर कोण?” भोंगा म्हणाला. “नाकावर पांढरं आहे ती, का चालताना मागे वळून बघते ती?”

“कानात बिल्ला आहे ना, काका.”

“बिल्ला तिला आहे हो. मला ती तोंडावरून कळते.”

शेवटी ती ‘मास्तरीण’ निघाली. मास्तरीण ही गाय दुसऱ्या गाईंनी गव्हाणीत जास्त मान घातली की मानेने ढकलून त्यांना रांगेत लावायची. मग भोंग्याने तिचा सगळा इतिहास सांगितला. मागच्या उजव्या सडाला सूज, कुठल्या वारी आली, कुठलं औषध, किती, किती वाजता, किती दिवस तिचं दूध टाकीत न घालता ओतून दिलं. एक आकडा चुकला नाही. त्यानंतर त्याने चोवीसच्या चोवीस गाईंचं सांगितलं. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “हे लिहिलंय कुठे?”

“इथे,” भोंग्याने डोक्यावर हात ठेवला.

“ते मला उघडून बघता येत नाही काका. आमच्याकडे नियम आहे. लिहिलेलं नाही, ते झालेलं नाही.”

भोंगा भडकला. “म्हणजे माझं लग्नही झालेलं नाही?”

“नोंद असेल तर झालंय.”

“आहे हो बाई, नोंद आहे,” वहिनी दारातून म्हणाल्या. “मी जपून ठेवलीय. हे कधीतरी नाही म्हणतील म्हणून.”

त्या दिवशी ती तपासनीस बाई पहिल्यांदा हसली, आणि हसत हसत पाच मोठ्या त्रुटी लिहून गेली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर नोंदी.

माझी रजिस्टरं तोपर्यंत कोरी होती. भोंग्याने ती कपाटात वर ठेवली होती, खराब होऊ नयेत म्हणून.

वहिनी सहज लिहू शकल्या असत्या. पण नियम असा, की जो औषध देतो त्यानेच लिहायचं आणि त्यानेच सही करायची. सुई भोंगा मारायचा. तेव्हा वहिनींनी त्याला लिहायला बसवलं. रोज धारा झाल्या, टाकी गार करायला लावली, की दूधखोलीत लाकडी खोक्यावर शिकवणी. रविवारी मी रेघा सरळ आहेत का बघायला जायचो. भोंग्याचं अक्षर त्याच्या आवाजासारखंच होतं. रकान्यात मावत नसे. ‘कासेला सूज’ हे दोन शब्द तीन रकाने ओलांडून सहीच्या जागेवर जाऊन बसत.

“हळू लिहा,” वहिनी म्हणत. “रकाना आहे तो. कुरण नव्हे.”

आणि मग, कसं कोण जाणे, त्याला लिहायची चटक लागली. तो काय वाटेल ते लिहायला लागला. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे, म्हणजे ‘छापखाना’पुढे, भेटीचं कारण: ‘चहा’. उंदरांच्या बंदोबस्ताच्या पानावर ‘मांजर हजर’, ‘मांजर हजर’, ‘मांजर गैरहजर, कारण सांगितलं नाही’. उपचाराच्या शेऱ्यात ‘मास्तरीण आज रुसली. सकाळी मी शिंकलो तेव्हा ती दचकली होती.’ मी म्हटलं, दादा, एवढं नको. तो म्हणाला, “लिहिलं नाही तर झालंच नाही म्हणतील. मग ती रुसली ते फुकट?”



त्याच दिवसांत वहिनींचं पोट दुखायला लागलं. खरं म्हणजे ते फार आधीपासून दुखत होतं. गाईला दोन घास कमी गेले की ज्या घरात थर्मामीटर निघायचा, त्या घरात हे कुणाला कळलं नव्हतं, कारण वहिनींनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी भोंग्याला बाहेर घेऊन जाऊन जे सांगायचं ते सांगितलं. परत आल्यावर तो मला म्हणाला, “छापखाना, आजार पोटाचा आहे. उशीर झालाय म्हणतात.” हे तो नेहमीच्या आवाजात बोलला. मी इकडेतिकडे बघितलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबली होती.

घरी औषधं आली. तीन प्रकारच्या गोळ्या आणि एक पातळ औषध, प्रत्येकाची वेळ वेगळी. एक जेवणाआधी, एक जेवणानंतर, एक दुखलं तरच, पण दिवसातून चारपेक्षा जास्त नाही. चोवीस गाईंची औषधं तोंडपाठ असलेल्या माणसाचा या एकीच्या गोळ्यांत घोटाळा व्हायला लागला. दुसऱ्याच दिवशी त्याने एक गोळी दोनदा दिली आणि दुपारभर पलंगापाशी उभा राहिला.

औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधायची, असा योजनेचा नियम आहे. म्हणजे धार काढणाऱ्याला लांबून कळतं, की हिचं दूध टाकीत जाता कामा नये. वहिनींनी त्यातली एक पट्टी मागवून घेतली आणि मनगटाला बांधली.

“आता लक्षात राहील तुमच्या,” त्या म्हणाल्या. “आणि पट्टी बांधली की नोंद. आणा ते रजिस्टर.”

“अगं, ते गाईंचं आहे.”

“रकाने तेच आहेत. औषध, किती, किती वाजता, कोणी दिलं. दुसरी वही केलीत तर ती तुम्ही हरवाल. हे एकच सापडतं तुम्हाला.”

त्याने पेन घेतलं. पहिला रकाना होता ‘जनावराचा क्रमांक’.

“नंबर काय लिहू?”

“मला कुठे बिल्ला मारलाय तुम्ही?”

भोंग्याने थोडा विचार केला आणि लिहिलं: ही.

रविवारी ते पान बघून मला हसू आवरेना. चार नंबरला जंतांचं औषध, सतरा नंबरला कॅल्शियम, आणि मध्ये ‘ही’ला दोन गोळ्या. दूध बंदीच्या दिवसांचा रकाना त्याने रिकामा सोडला नव्हता. तिथे ‘लागू नाही’ लिहून सही केली होती. हसून झाल्यावर मी म्हटलं, “वहिनी, हे तपासणीत दाखवायचं रजिस्टर आहे.”

“तपासणीला मी आहे ना,” वहिनी म्हणाल्या. “मी सांगेन त्या बाईला. ती हसते, मी पाहिलंय.”

पानांवर नंबर मीच छापले होते. ती पानं काढता येणार नव्हती.

पुढचे सात आठवडे मी त्या घराची हकीकत उपचार रजिस्टरात वाचली. रविवारी रेघा बघायच्या म्हणून उघडायचो आणि शेऱ्याचा रकाना वाचत बसायचो. ‘ही. पातळ औषध, दोन चमचे. दोन घास खाल्ले.’ ‘ही. गोळी. मांजराला हाक मारली.’ ‘ही. गोळी घेत नव्हती. मी ओरडलो. मग घेतली. मग मला वाईट वाटलं.’ अक्षर लहान होत गेलं होतं. आता ते रकान्यात मावत होतं.

आवाजही लहान झाला होता. आजारी माणसाच्या खोलीत हळू बोलायचं असतं हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा समजलं, आणि मग कुठेच मोठ्याने बोलणं त्याला जमेना. एका संध्याकाळी मी तिथे होतो. धारांची वेळ झाली होती. भोंगा फाटकात उभा राहून गाईंना हाक मारत होता, आणि टेकडीवर चोवीस गाई माना वर करून नुसत्या बघत होत्या. त्यांना माणूस दिसत होता. आवाज पोचत नव्हता.

आतून पलंगावरून वहिनी म्हणाल्या, “अहो, ओरडा ना.”

तो वळला.

“ओरडा हो. मला नाही त्रास होत.”

तो टेकडीकडे तोंड करून ओरडला. काय ओरडला म्हणता! खिडकीची कडी पडली, कुत्रा हौदात पाय बुडवून आला, आणि वरून मास्तरीण सगळ्यांना रांगेत लावून घेऊन निघाली. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं दुखतंय. जवळ गेलो तर हसत होत्या.

“हे ऐकून यायचे लोक,” त्या म्हणाल्या. “पाटी बघून येतील तेव्हा येतील.”

दुसऱ्या तपासणीला अकरा दिवस असताना त्या गेल्या. दुपारी, चारला दहा कमी असताना. त्यांची मुलगी परगावाहून येऊन पोचली होती, तिच्या हातात हात होता. भोंगा दूधखोलीत गोळी आणायला गेला होता.

नंतर मी त्याला म्हटलं, दादा, तपासणी पुढे ढकलून घेऊ. मी जातो डेअरीत, सांगतो. तो म्हणाला, “नको. ही म्हणते, तारीख दिली ती दिली.” म्हणते. मी ऐकलं. मुलीनेही ऐकलं होतं. ती उठून आत गेली.

तपासणीच्या दिवशी त्याने मला बोलावून घेतलं. “रजिस्टरं तुझी आहेत,” म्हणाला. “काही विचारलं तर उत्तर दे.” खरं कारण वेगळं होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

गोठा असा स्वच्छ होता, की मला जांभळ्या बुटांची लाज वाटली. तपासनीस बाईंनी टाकीचं तापमान बघितलं, पाण्याच्या चाचणीचा कागद बघितला, प्रत्येक गाईचा बिल्ला वाचला. भोंग्याला आता नंबर पाठ होते. मांजराची हजेरी वाचताना बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. “सुंदर ठेवलंय काका,” त्या म्हणाल्या. मग दूधखोलीत खोक्यावर बसून त्यांनी उपचार नोंदवही उघडली, आणि आवारात नजर टाकून विचारलं, “काकू दिसत नाहीत?”

भोंगा म्हणाला, “आहे.”

मी खाली बघितलं.

बाई पानं उलटू लागल्या. एकतिसाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मग बत्तिसाव्या. त्यांनी जनावरांची यादी शेजारी ओढली आणि मोजलं.

“काका, यादीत चोवीस जनावरं आहेत. उपचारात पंचवीस दिसतात. ही ‘ही’ म्हणजे कोणती?”

भोंग्याने खिशातली एक दोरी काढली आणि बोटाला गुंडाळू लागला.

“बिल्ला नाही का तिला? नवीन आणलीय?” त्या विचारत होत्या, पण बोट पुढच्या रकान्यावर सरकलं होतं. औषधांच्या नावांवर. ती औषधं गुरांना देत नाहीत हे त्यांच्याइतकं तिथे कुणालाच कळत नव्हतं. त्यांनी पान उलटलं. मग शेरे वाचले. आठ पानं त्यांनी सावकाश वाचली. टाकीचं यंत्र गुरगुरत होतं. शेवटच्या पानावर शेवटची नोंद होती: ‘ही. गोळी, एक. चार वाजता द्यायची.’ पुढे काही नव्हतं.

प्रत्येक उपचाराच्या शेवटी मी तीन चौकोन छापले होते. बरे झाले, विकले, मृत. योग्य त्यावर खूण करून तारीख घालायची. ‘ही’च्या शेवटच्या नोंदीपुढचे तिन्ही चौकोन कोरे होते.

“काका,” बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता. “कधी?”

“तुम्हीच म्हणाला होतात ना,” भोंगा म्हणाला. मला वाकून ऐकावं लागलं. “लिहिलेलं नाही, ते झालेलं नाही.”

त्या बाईला मी दोष देत नाही. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, उपचार उघडा राहिला तर मला गोठ्याचं नाव मानांकनासाठी पुढे पाठवता येत नाही. पान काढता येत नाही, खोडताही येत नाही. “पण एक करता येतं. पानाच्या खाली लिहा, ‘वरील नोंदी चुकीने झाल्या’, आणि सही करा. मी ते मान्य करते. तुम्हाला बाकी काही लिहावं लागणार नाही.”

चांगल्या मनाने सांगितलं होतं. सोपं होतं. मीसुद्धा म्हटलं, “दादा, लिहा तेवढं.”

“चुकीने नाही झाल्या,” भोंगा म्हणाला. “हिनेच सांगितलं होतं लिहायला. एक गोळी चुकली नाही त्याच्यानंतर. चूक काय आहे त्यात?”

दूधखोलीच्या खिडकीतून फाटक दिसतं. त्याने तिकडे बघितलं. दोन भोकांतून पलीकडचा रस्ता दिसत होता. मग माझ्याकडे वळला.

“छापखाना, तीनच चौकोन का छापलेस रे?”

“पुस्तिकेत तीनच होते, दादा.”

त्याने मान हलवली. पेन घेतलं आणि तिसऱ्या चौकोनात खूण केली. तारीख घातली. वेळेचा रकाना नव्हता, तरी वेळ लिहिली, चारला दहा कमी. सही केली. अक्षर रकान्याच्या बाहेर गेलं नाही.

बाईंनी खाली लिहिलं: नोंदी पूर्ण, त्रुटी नाही. निघताना त्या दाराशी थांबल्या. फाटकातल्या हौदात बूट बुडवले आणि गेल्या.

पाटी तीन आठवड्यांनी आली. भोकांत बरोबर बसली. मी स्क्रू धरले, भोंग्याने पिळले. हिरव्यावर पांढरी अक्षरं, लांबून वाचता येतील अशी. त्यानंतर एकदा रस्त्यात एक अनोळखी माणूस त्या पाटीकडे बघून वळला आणि आत गेला. मी मुद्दाम थांबून बघितलं. त्याला पत्ता विचारायचा होता, दुसऱ्याच कुणाचा तरी.

भोंगा नंतर कधी ओरडला नाही. गाईंना आणायला तो टेकडीवर चालत जायचा. गुडघ्यांनी पाच महिने साथ दिली. मग मुलीने त्याला आपल्याकडे नेलं, आणि गाई दोन दिवसांत दोघा जणांनी नेल्या. मास्तरीण पहिल्या गाडीत गेली. रजिस्टरं पाच वर्षं जपून ठेवायचा नियम आहे, आणि मुलीच्या घरी जागा नाही, म्हणून ती माझ्या छापखान्यात, वरच्या फळीवर आहेत. निघताना त्याने त्या पाचांची पावती माझ्याकडून लिहून घेतली.

गोठ्यात आता कुणीतरी प्लायवूड ठेवतं. पाटी फाटकावर तशीच आहे. मानांकनाची मुदत संपायला अजून चौदा महिने आहेत.